निंबाखाली वाचायचा कागद

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, पोळ्याची कर. वार शनिवार, वेळ सकाळी अकरा. ठिकाण आदिलाबाद, कापसाच्या जिनिंगच्या आवारातली जुनी काटा-खोली, म्हणजे वजनाची.

हजर: बेल्याकडचे कापूसवाले दादा, ज्यांची दारू सुटून एकोणीस वर्षं झाली. बसचे कंडक्टर. लोखंडी सामानाचे दुकानदार. तलमडुगुकडून एकाच मोटरसायकलवर येणारे दोघे भाऊ. एक निवृत्त कारकून, जे कधीच काही बोलत नाहीत, पण चहा तेच करतात. आणि मी. एकूण सात.

गैरहजर: दोन. त्या दिवशी गैरहजर म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं. कोणी विचारलं नाही.

पोळ्याला आमच्याकडे बैल पुजतात आणि दुसऱ्या दिवशी, करीला, माणसं पितात. ज्याला वर्षभर कोणी पाजत नाही त्यालाही त्या दिवशी बोलावून पाजतात. म्हणून करीला आमची बैठक एरवीसारखी तासाभराची नसते. सकाळी बसतो ते दिवे लागायच्या आधी उठतो. एकट्यानं घरी राहायचं नाही, एवढाच त्यामागचा हिशोब.

वर नावं लिहिली नाहीत, कारण आमच्यात नावं लिहीत नाहीत. बाकी सगळं लिहायची मला सवय आहे. मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत मास्तर आहे. तीस वर्षांत मी तारीख आणि हजेरी टाकल्याशिवाय कुठलाही कागद सुरू केलेला नाही. या सवयीचा मला अभिमान होता. तो का गेला, ते पुढे येईलच.

आमच्या कार्यक्रमाला बारा पायऱ्या आहेत. पहिलीत कबूल करायचं, की दारूपुढे आपलं चालत नाही. मग आपल्याहून मोठ्या कुणावर तरी भार टाकायचा. तो देव कोणता, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आठवीत, पिण्याच्या दिवसांत आपण ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी करायची. नववीत त्यांच्याकडे जायचं आणि जमेल तितकं भरून काढायचं. देवाच्या पायरीवर मी फार रखडलो. रोज सकाळी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचो आणि देवाला दिवसभराची कामं सांगायचो. दादांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “देवाले अर्ज देऊन राह्यला का बे मास्तर?” पण आठवी पायरी आली, यादीचं नाव निघालं, तेव्हा मला वाटलं की ही आपली पायरी. इथे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मी फुलस्केप वही आणली. पट्टीनं पाच रकाने आखले: अनुक्रमांक, व्यक्ती, काय केलं, भेटीचा दिवस, शेरा. अठरा माणसं निघाली. बायको, मुलगी, बहीण, सोबतचे मास्तर, ज्याच्या लग्नात मी मांडवात झोपलो तो पुतण्या. करीच्या दिवसापर्यंत चौदा जणांपुढे बरोबरची खूण झाली होती, तीही सहा आठवड्यांत. त्या दिवशी बैठकीत मी ती वही उघडून पहिल्यापासून वाचून दाखवली. वाचताना माझा आवाज कसा होता, हे मला आठवतं. मासिक अहवाल वाचतो तसा होता.

वाचून झालं. दादांनी विडीचं थोटूक पायाखाली चिरडलं.

“मास्तर, तू माफी मागून राह्यला का हजेरी घेऊन राह्यला?”

सगळे हसले. कंडक्टर तेलुगू माणूस; बैठकीत तो त्याच्या दख्खनी हिंदीत बोलतो. तो म्हणाला, “सारू टिकट फाड रहे, दादा. एक स्टॉप हुआ, चलो अगला स्टॉप.”

मीही हसलो. पण लागलं होतं. दादांनी वही मागून घेतली. त्यांना वाचायला वेळ लागतो. खूण नसलेल्या चार ओळींवर त्यांनी बोट ठेवलं.

“सोपे सोपे आदी सोडवले. पोट्टे पेपरात तसंच करतेत, नाई का?”

“या चौघांकडे पुढच्या महिन्यात जाणार आहे, दादा. नियोजन झालंय.”

“जाशीन. मले एक सांग. या वहीत नसलेलं नाव कोनतं?”

मी म्हणालो, नाही कोणी. लगेच म्हणालो. इतक्या लगेच, की दुकानदारानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“बरं,” दादा म्हणाले. “आज कर हाय. संध्याकाळपर्यंत बसाचंच हाय आपल्याले. घाई नाई.”

बाहेर रस्त्यानं पोरं लाकडी बैल ओढत नेत होती. कारकुनांनी दोनदा चहा केला. तीनच्या सुमारास, भावांपैकी धाकटा काहीतरी बोलत असताना, मी मध्येच तोंड उघडलं.

सांगितलं ते असं.

माझी शाळा तामसीकडच्या एका गावात. मी राहतो आदिलाबादला, सकाळच्या बसनं जातो. दोन मास्तरांची शाळा. जुना मी, म्हणून हेडमास्तरचं कामही माझ्याकडे. रोज सकाळी मी दिवसाच्या कामांची चिठ्ठी करतो, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. झालेलं काम खोडतो. पिण्याच्या दिवसांत त्या चिठ्ठीत दोन ठिकाणी नुसता एक ठिपका असे. एक दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर, एक परतीच्या बसच्या आधी. त्या ठिपक्याला मी मनातसुद्धा नाव दिलं नव्हतं. ठिपकाही मी इतर कामांसारखा खोडत असे.

पिणारा म्हणजे रस्त्यात पडलेला माणूस, अशी माझी समजूत. मी कधी पडलो नाही. माझं हजेरीपत्रक कधी अपुरं नव्हतं, खडू कधी संपला नाही. दरवर्षी थंडीत काळे कपडे घालून अय्यप्पाची माळ घेत असे. एकेचाळीस दिवस थेंब नाही. बघा, ठरवलं की सोडता येते, हे मी त्यातून स्वतःला सिद्ध करून दाखवायचो. बेचाळिसाव्या दिवशी चिठ्ठीत ठिपका परत यायचा. शाळेतली पोरं माळेच्या दिवसांत मला वाकून “स्वामी” म्हणायची. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

शाळेत मुलांचं दुपारचं जेवण एक बाई शिजवायच्या. गावातल्याच. तिशी ओलांडलेल्या, आवाजानं मोठ्या, हातानं चपळ. सांबारात चिंच जास्त पडली तर स्वतःच ओरडायच्या, “आज पोट्ट्यांचे दात आंबते, सर!” मला त्या रोज पहिली ताटली वाढून आणून द्यायच्या, चव बघायला. त्यांचा नवरा पूर्वी पीत असे. गावाला माहीत होतं. मग एके दिवशी त्यानं आपल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि सोडली. एका दमात, कुठल्याही पायऱ्यांशिवाय. चार वर्षं झाली होती त्याला. बाई हे मला अधूनमधून सांगायच्या, कौतुकानं. मी “छान, छान” म्हणायचो. तोंडात वेलची असायची.

धान्याच्या खोलीला दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक बाईंकडे. खोलीच्या माळ्यावर जुन्या तराजूची लाकडी पेटी होती. तराजू मोडका, पेटीला कोणी हात लावत नसे. माझी बाटली त्या पेटीत असायची.

एके सोमवारी शाळा समितीचे अध्यक्ष, एक सदस्य आणि सोबतचे मास्तर नवा काटा ठेवायला खोलीत गेले. भिंतीवर मी लावलेली कामांची यादी होती. तिसरं काम: माळ्यावरचा जुना तराजू काढून भंगारात देणे. अक्षर माझंच. महिन्याभरापूर्वी, पिऊन नसताना, मी ते लिहिलं होतं आणि साफ विसरलो होतो. अध्यक्ष म्हणाले, “सरांनी लिवलंच हाय, काढूनच टाकू.” मी वर्गातून धावत येईपर्यंत पेटी खाली आली होती.

झाकण मी उघडलं. म्हणजे, दुसऱ्या कोणी उघडायच्या आत मी पुढे झालो. बाटली अर्धी होती आणि कागदात गुंडाळलेली. तो कागद माझी एक चिठ्ठी होती. माझी कामं, माझं अक्षर, दोन ठिपके. मी तो कागद सोडवला आणि कपाळाचा घाम पुसायचा रुमाल काढल्यासारखं करत खिशात घातला. मग बाटली सगळ्यांना दाखवली.

हे मी केलं, हे लिहून ठेवतो. घाबरून नाही. त्या वेळी माझं डोकं एकदम शांत होतं. एकामागून एक काय करायचं ते मला दिसत होतं.

मी म्हणालो, “पंचनामा करावा लागेल.”

कोणी मागितला नव्हता. अध्यक्ष तर म्हणाले, “जाऊ द्या ना सर, फेकून द्या.” फेकून दिली असती तर गावात चार दिवस चर्चा झाली असती आणि संपली असती. पण चर्चेत कोणीतरी म्हणालं असतं, किल्ल्या तर दोन हायेत. म्हणून मला कागद हवा होता. मी टेबल आणलं, समासाची घडी घातली आणि सुरू केलं: तारीख, वार, वेळ, ठिकाण, हजर. सगळ्यात वर, माझं नाव. मग खोलीचं वर्णन, पेटीचं वर्णन, बाटलीत किती होती ते. किल्लीबद्दल एक वाक्य: खोलीची किल्ली स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडे असते. हे वाक्य खोटं नव्हतं. अर्धंच होतं.

बाईंना बोलावलं. त्या हात पुसत आल्या. बाटलीकडे त्यांनी पाहिलं आणि मला वाटलं, आता ओरडतील, सगळ्या गावाला ऐकू जाईल. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, “लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता त्यानं.”

त्यांना वाटलं, बाटली नवऱ्याची. किल्ली घरी खुंटीला असायची. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही, माझं नाव तर मुळीच नाही. मी कागद पुढे केला. त्या सही करायला लागल्या तर चुकीच्या जागी करत होत्या. मी बोट ठेवून दाखवलं, “इथं, बाई. इथं करा.”

पालकांच्या बैठकीत, शाळेच्या अंगणातल्या निंबाखाली, तो पंचनामा मीच वाचून दाखवला. शेवटची ओळ अशी, की सदर बाईंना कामावरून कमी करावं. सगळ्यांनी हात वर केले. पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या बाया शिजवायला लागल्या. त्यांच्या सांबारात चिंच बेताची असते.

एवढं बोलून मी थांबलो. थोरल्या भावाच्या हातातला चहा गार झाला होता. दादांनी विचारलं, “ती चिठ्ठी?”

“आहे. पाकिटात.”

“काऊन ठेवली?”

मी कागद टाकत नाही, एवढंच.

“आता वहीत लिव,” दादा म्हणाले. “आन रकाने नको आखू.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या पंचनाम्यानंतर मी दारू सोडली असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. सोडली नाही. वर्षभर आणखी प्यायलो, फक्त जागा बदलली. मला थांबवलं ते कंडक्टरनं. सकाळच्या गाडीत बायांची गर्दी असते, तो त्यांची फुकट प्रवासाची शून्याची तिकिटं फाडत फाडत माझ्यापर्यंत आला, वाकला आणि हळू म्हणाला, “सारू, इलायची से बू नै जाती. मैं भी बारा साल खाया.” माझ्या तिकिटाच्या मागे त्यानं जिनिंगचा पत्ता लिहिला. दोन आठवडे मी ते तिकीट सांभाळलं आणि मग गेलो. करीच्या दिवशी त्याला चौदा महिने झाले होते. त्या चौदा महिन्यांत मी बैठकीत शंभर गोष्टी कबूल केल्या, मांडवात झोपल्याची तर तीनदा. सगळ्यांना माझा प्रामाणिकपणा फार आवडायचा.

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी मी बाईंच्या घरी गेलो. सोबत कोणी नव्हतं. दादा म्हणाले होते, “मी येईन त गावबैठक होईन. तू एकटाच जाय.”

घर मारुतीच्या मागच्या गल्लीत. ओसरीच्या एका कोपऱ्यात मातीची चूल आणि दुसऱ्या कोपऱ्यात तीन विटांची आणखी एक. विटांच्या चुलीवर बाईंचा नवरा भाकर थापत होता. ज्वारीची, वेडीवाकडी, काठाला फाटलेली. मला पाहून त्यानं हात धुतले नाहीत, काम चालू ठेवलं. बाई आतून आल्या. निंदणाचे दिवस होते. पायांना चिखल तसाच होता.

“या सर. बसा.” मग माझी नजर गेली तिकडे पाहून म्हणाल्या, “दोन वर्सं झाली. माह्या हातचं खात नाई. मी त्याले लबाड म्हनलं ना, तवापासून.”

मी बसलो नाही. चिठ्ठी पाकिटातून काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांना वाचता येतं, सहावीपर्यंत शिकलेल्या. मी काय काय पाठ करून नेलं होतं, त्यातलं एकही वाक्य तोंडाला आलं नाही. म्हणालो, “बाई, ती बाटली माझी होती. या कागदात होती. मी कागद लपवला.”

त्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. मग अक्षराकडे. माझं अक्षर गावात सगळे ओळखतात.

“तुमची?”

“माझी.”

“तुमी पेत होते?”

“हो.”

“शाळेत?”

“हो, बाई.”

विटांच्या चुलीपाशी थापायचा आवाज थांबला होता. मी तिकडे पाहिलं नाही. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं.

“काऊन केलं सर असं?” त्यांचा आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं. “मी तुमाले रोज पयली ताटली देत होती.”

“नोकरी जाईल म्हणून.”

“आन माही नोकरी नवती का ते?”

नवऱ्यानं तव्यावरची भाकर काढली, तिच्यावर मीठ-तिखट घेतलं आणि आमच्या मधून चालत गोठ्याकडे निघून गेला. माझ्या अगदी जवळून गेला. शिवी दिली असती, धक्का दिला असता, तर मी वहीत काहीतरी लिहू शकलो असतो. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंकडेही नाही.

त्या गोठ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी सांगायला लागलो, की मला फार वाईट वाटतं, मी आता पीत नाही, आमचा एक कार्यक्रम असतो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“माफी घरात कायले मांगता सर? घरात मले कोनी चोर म्हनलं होतं का? निंबाखाली वाचलं ना तुमी ते. कागदावर. सगळ्या गावानं हात वरते केले. आता हे बी लिवा, तसंच. तारीख टाकून. आन तिथंच वाचा. माह्यासाठी नका वाचू.” त्यांनी गोठ्याकडे मान केली. “त्याच्यासाठी वाचा.”

मी म्हणालो, “वाचतो.”

“कवा?”

“पालकांची बैठक असते ना, दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी. त्या दिवशी.”

“मी येतो मंग,” त्या म्हणाल्या. चिठ्ठी त्यांनी परत दिली. “हे ठेवा. वाचाले लागन.”

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. यादीत ती पहिली होती, तिच्यापुढे बरोबरची खूणही झालेली होती, पण हे तिला माहीत नव्हतं. ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “सात वर्षं राहिली तुमच्या नोकरीची. लेकीचं शिक्षण अर्धं व्हायचंय.” थोड्या वेळानं म्हणाली, “मी नका वाचू असं म्हणत नाहीये. पण वाचा असंही माझ्या तोंडून निघत नाही. ते तुमचं तुम्ही बघा.” तिनं एवढं बोलून मला किती सोडवलं आणि किती अडकवलं, हे तिलाही माहीत असावं.

दादांना विचारलं. आमच्या नवव्या पायरीत असं आहे, की भरून काढताना दुसऱ्या कुणाचं नुकसान होत असेल तर थांबावं. मी तेच वाक्य घेऊन गेलो होतो. माझ्या घरच्यांचं नुकसान होईल, हे मी नीट मुद्देसूद मांडलं. दादा ऐकत होते. म्हणाले, “ते वाक्य खरं हाय मास्तर. पन ते आड घेऊन उभं राहासाठी नाई लिवलं कोनी.” मग म्हणाले, “नोकरी जाईन का राहीन, मले काय मालूम? मी त कापूसवाला मानूस. तुले पेऊन झोप येत होती का न पेता येते, एवढंच मी पाहातो.”

कागद मी त्याच आठवड्यात लिहिला. पंचनाम्याच्याच नमुन्यात, समासाची घडी घालून. तारीख कोरी. हजर कोरं. मजकूर सात ओळींचा. बाटली कोणाची, चिठ्ठी कोणी लपवली, दुसरी किल्ली कोणाकडे होती, बाईंच्या नवऱ्यानं शपथ मोडलेली नाही, बाईंना कामावर परत घ्यावं. खाली माझी सही. तेवढी केलेली आहे.

पहिला तिसरा शनिवार दसऱ्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आला. शाळेत मुलींनी बतकम्माच्या सणाची फुलं रचली होती, आया पोरींच्या वेण्या घालत होत्या, सगळीकडे गाणी. अशा आनंदात हे कसं वाचायचं, असं मी स्वतःला म्हणालो. बाई आल्या नव्हत्या. कागद खिशात राहिला.

दुसरा दिवाळीच्या तोंडावर. कापूस वेचणीला आलेला, गावात माणूस नाही. निंबाखाली चार जण. मी कोरम नाही असं नोंदवहीत लिहिलं आणि बैठक तहकूब केली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. मी नियमाप्रमाणेच चुकतो, हे आता माझ्या लक्षात आलं आहे.

तिसरा कार्तिकातला. त्या दिवशी माणसं पुरेशी होती. अध्यक्ष होते, ते सदस्य होते, सोबतचे मास्तर होते. मी विषयपत्रिका आधीच लिहिली होती: एक, मुलांची हजेरी. दोन, गणवेश. तीन, पिण्याच्या पाण्याची टाकी. चार, परीक्षा. पाच, कुंपण. सहावा विषय म्हणून मी फक्त एक ठिपका दिला होता. का दिला, कळत नाही. हात तसा गेला.

बाई आल्या. वेचणीवरून थेट आल्या होत्या. पदराच्या ओटीला कापसाचे तंतू चिकटलेले. त्या पुढे आल्या नाहीत. मागे, स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर, रस्त्याच्या पलीकडे, त्यांचा नवरा सायकल धरून उभा होता. तो कुठे निघाला होता की यासाठीच आला होता, मला माहीत नाही. त्यांनी त्याला आणलं होतं का, तेही माहीत नाही.

मी हजेरी घेतली. पहिला विषय झाला, दुसरा झाला. टाकीवर फार बोलणं झालं. परीक्षा झाली. कुंपणाला काटेरी तार घ्यायची ठरली. अध्यक्षांनी विचारलं, “अजून काई हाय का सर?”

मी खिशात हात घातला. कागद हाताला लागला, घडी लागली. मान वर केली तेव्हा बाई माझ्या खिशाकडेच बघत होत्या.

“नाही,” मी म्हणालो. “आभार.”

माणसं उठली. बाई सगळ्यात शेवटी निघाल्या. माझ्याजवळून जाताना थांबल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “तहान लागली असंन सर. पानी प्या.” रस्त्यापलीकडे सायकल नव्हती. तो आधीच गेला होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी प्यायलो नाही. एवढं लिहितो, कारण लिहायला दुसरं चांगलं काही नाही. दादांना सगळं सांगितलं. त्यांनी रागावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, “उद्या सकाळी देवापुढे बसशीन तवा कामं नको सांगू त्याले. हे एकच सांग.” रोज सांगतो. तो काही म्हणत नाही.

वहीत एकोणिसावं नाव आता आहे. त्याखाली विसावं, नवऱ्याचं. रकाने आखलेले नाहीत. कागद खिशात आहे, घडीवर फाटत आला आहे. तारीख कोरी. हजर कोरं. येत्या शनिवारी बैठक आहे. विषयपत्रिका आज करायला बसलो आहे आणि पहिला विषय अजून लिहिलेला नाही.